चार तासांची वही

डायलिसिसला चार तास लागतात. आधी वजन, बीपी, मग सुया टोचणं, मशीन सुरू करणं. शेवटी सुया काढून कापूस दाबून धरणं आणि पुन्हा वजन. हे सगळं धरलं तर पाच तास होतात. आठवड्यातून तीन वेळा, म्हणजे पंधरा तास. पिंगळीहून परभणीला जायचा-यायचा वेळ वेगळा. हा हिशेब मी पहिल्या महिन्यात किती वेळा केला असेल याला गणती नाही, कारण वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून करण्यासारखं दुसरं काही नसायचं.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं तेव्हा रानात कापसाची वेचणी चालू होती. बीपी बरीच वर्षं होतं. पाय सुजायला लागले, जेवण जाईना, चालताना दम लागायला लागला, आणि आठ दिवसांत आमच्या घरात ‘क्रिएटिनिन’ हा शब्द मीठ-मिरचीसारखा वापरात आला. भाऊ चाकणला कंपनीत आहे. त्याच्या पगारावर घर चालतं, त्याला सारखी सुट्टी मिळत नाही. आईच्या मागं रान आणि दोन म्हशी. मी गावातच आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते, त्या संध्याकाळी असतात. त्यामुळे अण्णांसोबत जायचं काम माझ्याकडे आलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च बसला, म्हणून पैशाचा डोंगर तेवढा अंगावर आला नाही. बाकीचं सगळं आलं.

बाकीचं म्हणजे काय, ते सोबत बसणाऱ्या माणसालाच कळतं. पेशंट आत झोपलेला असतो. त्याला निदान मशीन असतं, नर्स असते, शेजारच्या बेडवरचा माणूस असतो. बाहेर बसलेल्या माणसाला फक्त फोन असतो. मी फोनवर सगळं शोधलं. क्रिएटिनिन नऊ म्हणजे काय, डायलिसिसवर माणूस किती वर्षं जगतो, किडनी कोण देऊ शकतं, देणाऱ्याचं पुढं काय होतं. एका व्हिडिओखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा. घरी आले की झोप नाही. रात्री दोन वाजता उठून अण्णांचा श्वास चालू आहे ना, ते बघायचं. छातीत धडधड व्हायची, हात गार पडायचे. दिवसा सगळ्यांशी नीट बोलायचे, शिकवणी घ्यायचे, आणि आतून मात्र सारखं कुणीतरी दारावर थापा मारतंय असं वाटत राहायचं.

अशातच एकदा पिशवीत एक चित्रकलेची वही राहिली होती. शिकवणीतल्या एका मुलासाठी परभणीहून घेतलेली, तो एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणार होता. फोनची बॅटरी संपत आली होती आणि घरून फोन आला तर लागेल म्हणून मी तो बंद करून ठेवला. समोरच्या बाकड्यावर एका आजींचा स्टीलचा डबा होता. तीन ताळी, कडीला सुतळी बांधलेली, झाकणावर कुणाच्या तरी लग्नात मिळाल्याचं नाव कोरलेलं. मी पेननं तो डबा काढायला घेतला. वरचा गोल काही केल्या जमेना. डबा एका बाजूला कलला. सुतळीची गाठ मात्र चांगली आली. ती गाठ नेमकी कशी मारली आहे ते मी इतका वेळ बघत होते की आजींनी विचारलं, “काय बघायलीस माय, भूक लागली का?” आणि मला डब्यातली अर्धी भाकरी मिळाली.

घड्याळ बघितलं तर पंचवीस मिनिटं गेली होती. त्या पंचवीस मिनिटांत मला क्रिएटिनिन आठवलं नव्हतं. मी ठरवून ते विसरले नव्हते. ठरवून विसरता येत असतं तर आधीच विसरले असते. डब्याची कडी कुठं वळते हे बघताना दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही, एवढंच.

त्यानंतर वही पिशवीत राहायला लागली. आज अशा नऊ वह्या झाल्या आहेत.

*

या वह्यांमध्ये काय आहे ते सांगते, म्हणजे कुणाचा फार मोठा गैरसमज होणार नाही. सलाइनचा स्टँड आहे. चपलांचा ढीग आहे, कारण वॉर्डात चप्पल काढून जावं लागतं. चहाचे कागदी कप आहेत, बरेच. झोपलेले नातेवाईक आहेत. झोपलेला माणूस हलत नाही, त्यामुळे नवशिक्याला फार सोयीचा. नर्सची पाठ आहे. खिडकीतून दिसणारं कडुलिंबाचं झाड बारा-तेरा वेळा आहे, एकदा पानगळीतलं, एकदा नव्या तांबूस पालवीचं. प्रत्येक पानावर तारीख, अण्णांचं आधीचं आणि नंतरचं वजन, आणि एखादी ओळ: ‘आज बीपी खाली गेलं, पाय वर करून झोपवलं’, ‘चार नंबरच्या बेडवरच्या काकांनी विनोद सांगितला’, ‘आईचा फोन, म्हैस व्याली’.

चित्रं चांगली नाहीत. शाळेत असताना मी इंटरमिजिएटची परीक्षा दिली होती, बी ग्रेड मिळाली. आपल्याकडे सरकारी रेखाकला परीक्षांनी खेड्यापाड्यातल्या कितीतरी पोरांच्या हातात पहिल्यांदा ब्रश दिला, हे त्यांचं मोठं काम. पण त्यांनी ग्रेडही दिली. सी आली की पोरगं आयुष्यभर सांगत राहतं, ‘मला चित्र येत नाही.’ आपण असं गाण्याबद्दलही म्हणतो, पण निदान गुणगुणतो तरी. चित्र मात्र येत नसेल तर काढायचंच नाही, असं आपण कधी ठरवलं कोण जाणे.

चित्र चांगलं येण्याशी या वहीचा फारसा संबंध नाही, हे मला हळूहळू कळत गेलं. चिंता नेहमी समोर नसलेल्या गोष्टीची असते. उद्याचा रिपोर्ट, पुढच्या महिन्यातला खर्च, पुढच्या वर्षी अण्णा असतील का. यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला आकारही नसतो. ते कितीही मोठं होऊ शकतं. चित्र मात्र समोर असलेल्या गोष्टीचंच काढता येतं. कप समोर असतो, त्याला काठ असतो, काठाला चहाचा डाग असतो. तो आहे तेवढाच असतो. अर्धा तास आहे तेवढ्याच गोष्टीसोबत बसलं की श्वास जागेवर येतो. भीती जात नाही, पण तिचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तितका कमी होतो.

*

भीतीची गोष्टही कधीकधी समोरच असते. अण्णांच्या डाव्या हातावर फिस्टुला आहे. डायलिसिससाठी रक्त भराभर मिळावं म्हणून हातातली रोहिणी आणि नीला शस्त्रक्रियेनं जोडतात. काही आठवड्यांत ती शीर फुगते, जाड होते. तिच्यावर बोट ठेवलं की आत मधमाशी अडकल्यासारखी घरघर लागते. ती घरघर चालू असणं म्हणजे फिस्टुला चालू असणं. ती रोज तपासायची असते. अण्णा त्या हाताकडे बघायचे नाहीत. बाहेर निघताना उपरण्यानं झाकायचे. मीही बघायचे नाही, बोट ठेवून पटकन उचलायचे.

तिसऱ्या महिन्यात मी तो हात काढला. अण्णा आत झोपले होते, नर्सनं मला दहा मिनिटं आत बसू दिलं होतं. हात काढायचा म्हणजे त्याच्याकडे बघणं आलं. दोन ठिकाणी सुया, त्यावर चिकटपट्टी, एक नळी लाल, एक निळ्या टोकाची. मनगटाजवळ जुना व्रण, विळा लागलेला. तळहाताला घट्टे. अंगठ्याचं नख काळं, बैलानं पाय दिल्यापासूनचं. मी काढत गेले आणि तो हात पेशंटचा राहिला नाही, अण्णांचा झाला. फुगलेली शीर ही त्या हातावरच्या अनेक खुणांपैकी एक होती.

अण्णा जागे झाले. “काय काढायलीस?”

मी दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “ह्यो विळ्याचा वण तुला कसा काय दिसला? तुझ्या जन्माआधीचा हाय.” आणि त्या वणाची गोष्ट सांगितली. ज्वारीची काढणी, आजोबा, पाऊस येणार म्हणून केलेली घाई. मशीन चालू होतं, आम्ही तासभर बोलत बसलो. दोन-तीन महिन्यांत आम्ही आजार सोडून दुसरं काही बोललो नव्हतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, कारण प्यालेलं पाणी लघवीवाटे पुरेसं बाहेर जात नाही; ते अंगात साठतं, मग पायांवर, फुप्फुसांवर येतं. अण्णांना डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर सांगितलं होतं, आणि त्यात चहा, ताक, वरणाचं पाणी सगळं धरून. परभणीच्या उन्हाळ्यात, रानात राबून आलेल्या माणसाला एक लिटर. आई ओरडायची, अण्णा चिडायचे, लपून माठाकडे जायचे. दोन डायलिसिसच्या मधे वजन तीन-साडेतीन किलो वाढलेलं असायचं. ते सगळं पाणी.

मी वहीत रोज पाच पेले काढायला लागले. दोनशे मिलीचा एक, असे पाच. वही माठाशेजारी ठेवायची. एक पेला प्याला की अण्णांनी एक पेला पेन्सिलीनं भरायचा. मी आधी तक्ता करून आकडे लिहायचं सुचवलं होतं. अण्णा म्हणाले, “लिवू नको, काढ. आकडे वाचाया चष्मा लागतोय.” पहिले आठ दिवस त्यांनी दुर्लक्ष केलं. नंतर भरायला लागले. दुपारपर्यंत चार भरले की स्वतःच म्हणायचे, “एकच राह्यलाय, रातच्याला ठेवतो.” पुढं पुढं त्या पेल्यांना कान फुटले, एकाला मिशा आल्या. वजनाची वाढ दोन किलोच्या आसपास आली. हे वहीमुळंच झालं असं मी म्हणणार नाही. त्याच दिवसांत मीठ कमी झालं, लोणचं बंद झालं. पण घरातलं ओरडणं थांबलं ते वहीमुळं, याबद्दल आईचंही दुमत नाही.

*

हे मी काही नवीन करत नव्हते, हे नंतर वाचत गेले तसं कळलं. मराठीतलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे प्रभाकर बरवे. १९३६ साली कोकणात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले, पुढं विणकर सेवा केंद्रात नोकरी केलेले चित्रकार. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना माहीत असतं. पण बरवे वर्षानुवर्षं डायऱ्याही लिहीत आणि काढत होते. चित्राचे कच्चे आराखडे आणि मनातले विचार एकाच पानावर. १९९५ मध्ये ते गेले. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा कॅनव्हाससोबत या डायऱ्यांची पानंही लोकांसमोर आली. घड्याळ, पान अशा साध्या वस्तू त्यांच्या चित्रांत परत परत येतात. मला त्यात दिलासा वाटतो. एवढा मोठा चित्रकारही रोज वहीत एखाद्या वस्तूशी झटत होता, आणि त्यातलं बरंचसं कुणाला दाखवण्यासाठी नव्हतं.

दुसरं उदाहरण लांबचं, पण माझ्या बाकड्याच्या फार जवळचं. डॅनी ग्रेगरी हा न्यूयॉर्कमधला जाहिरात क्षेत्रातला माणूस. १९९५ मध्ये त्याची बायको पॅटी भुयारी रेल्वेखाली सापडली आणि कमरेखाली अधू झाली. घरात लहान मूल. त्या काळात त्यानं आजूबाजूच्या वस्तू काढायला सुरुवात केली. चित्रकलेचं शिक्षण नव्हतं. २००३ मध्ये त्या वहीतून ‘एव्हरीडे मॅटर्स’ हे पुस्तक झालं आणि ते वाचून जगभरात अनेकांनी अशा वह्या सुरू केल्या. आजारी माणसाच्या शेजारी बसलेल्या माणसानं काय करायचं, या प्रश्नाला त्यानं दिलेलं उत्तर मला पटतं: जे घरात आहे ते बघत बसायचं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण याला काही पुरावा? थोडासा आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढ माणसांना ४५ मिनिटं माती, मार्कर, कोलाजचं सामान देऊन हवं ते करू दिलं. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारं संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते कमी झालं होतं. ज्यांना कलेचा सराव होता आणि ज्यांना नव्हता, त्यांच्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. अभ्यास छोटा आहे. काहीच न करता ४५ मिनिटं बसवलेल्या लोकांशी तुलना त्यात नाही. आणि चौथा हिस्सा लोकांचं कॉर्टिसॉल कमी झालंच नाही. म्हणून त्यावरून ‘चित्र काढा, ताण घालवा’ अशी पाटी लावू नये. पण सी ग्रेडवाल्यांना फायदा होत नाही असं तरी कुणी म्हणू शकणार नाही.

फोटोबद्दलही एक अभ्यास आहे. लिंडा हेंकेल या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेनं काही लोकांना संग्रहालयात नेलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. २०१४ मध्ये आलेल्या या अभ्यासात असं दिसलं की फोटो काढलेल्या वस्तू लोकांच्या कमी लक्षात राहिल्या. पण ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करायला सांगितलं होतं, त्यांच्या बाबतीत हा तोटा झाला नाही. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कॅमेऱ्याचा काही दोष नाही. आपण थांबून बघतो की नाही एवढाच प्रश्न आहे. चित्र काढताना सुतळीच्या गाठीवर झूम करावंच लागतं. माझ्या फोनमध्ये हॉस्पिटलचे शेकडो फोटो आहेत, बहुतेक रिपोर्टांचे. त्यातला कुठला कुठल्या दिवशीचा, ते मला सांगता येणार नाही. वहीतलं कुठलंही पान उघडा, त्या दिवशी वॉर्डात कसला वास येत होता तेसुद्धा सांगेन.

*

वही हळूहळू वॉर्डाच्या बाहेर आली. पिंगळी हे काही चित्र काढायला लोक येतात असं गाव नाही. परभणीहून पूर्णेकडं निघालेली गाडी पहिल्यांदा थांबते ते आमचं स्टेशन. तिथलं बाकडं, सिग्नल, रुळांच्या दोन रेषा लांब जाऊन एक होतात ते ठिकाण. शाळेत पर्स्पेक्टिव्ह शिकवताना हेच चित्र काढायला लावतात आणि मी ते रोज बघत होते. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगा मी एका दुपारी बसून काढल्या. एवढ्या भेगा काढता काढता लक्षात आलं की दोन भेगा एकमेकींना भेटतात तिथं बहुधा काटकोनासारखा कोपरा होतो. लहानपणापासून त्या भेगांत पाय अडकलाय माझा, पण हे दिसलं नव्हतं.

गावात जुनी बारव आहे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रभर बारवा शोधून, गाळ काढून स्वच्छ करायची मोहीम लोकांनी चालवली. आपल्याच जिल्ह्यातल्या वालूरच्या चक्राकार बारवेचे फोटो त्यातून सगळ्यांच्या फोनवर पोचले. पिंगळीची बारव मी लहानपणापासून बघत आलेय, म्हणजे खरं तर बघितली नव्हती. पायऱ्या काढायला बसले आणि दोन तास तिथंच गेले. प्रत्येक पायरीवर सावलीची रेष वेगळ्या ठिकाणी असते. सकाळी नऊला काढलेली सावली दहाला खोटी ठरते. काळा दगड काळा नसतो. उन्हात करडा, ओलीत हिरवट, कोपऱ्यात निळा. खाली गार असतं. कधीकाळी इथं पाण्याला यायचं म्हणजे उतरायचं आणि भरून चढायचं, रोज, पायरी पायरीनं. पाच पेल्यांचा हिशेब डोक्यात ठेवून तिथं बसलेल्या मला पाण्याबद्दल बरंच काही सुचलं, पण वहीत मी फक्त पायऱ्या काढल्या.

बाईनं गावात बसून चित्र काढायचं म्हणजे प्रश्न येतातच. “सर्वेला आलाव का?” इथपासून “मोजणी हाय का रानाची?” इथपर्यंत. मोजणीच्या शंकेनं एकदा दोन भाऊबंद एकदमच आले. वही दाखवली की माणसं हसतात आणि मग शेजारी बसतात. एकदा एक आजोबा म्हणाले, “माझा बैल काढ.” बैल फार वाईट आला, कुत्र्यासारखा. आजोबांनी तरीही पान मागून नेलं.

*

कुणाला सुरू करायचं असेल तर मला उपयोगी पडलेल्या चार गोष्टी सांगते.

वही स्वस्त घ्या. महाग वहीत पहिलं पान खराब व्हायची भीती वाटते आणि ती तशीच कपाटात राहते. पेननं काढा. पेन्सिल असली की खोडरबर येतो, आणि खोडरबर आला की डबा सरळ करण्यातच चार तास जातात.

कागदाकडे न बघता काढून बघा. डोळे वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या चालीनं फिरवायचे आणि हात त्याच गतीनं कागदावर चालवायचा. किमॉन निकोलाइडिस या शिक्षकाच्या १९४१ मध्ये आलेल्या पुस्तकामुळं ही पद्धत प्रसिद्ध झाली. चित्र हास्यास्पद येतं, आणि त्यामुळंच ‘छान यायला पाहिजे’ हे ओझं उतरतं. घाबरलेल्या दिवशी मी हेच करते. स्वतःचाच डावा हात समोर धरून.

काढायला काही सुचत नसेल तर लिंडा बॅरी या अमेरिकन चित्रकथाकार शिक्षिकेची रीत आहे. पानाचे चार भाग करायचे: आज केलेल्या सात गोष्टी, आज दिसलेल्या सात गोष्टी, कानावर पडलेलं एखादं वाक्य आणि एक झटपट चित्र. पाच-दहा मिनिटांत होतं. कानावर पडलेल्या वाक्याचा रकाना माझा सगळ्यात आवडता. डायलिसिसच्या वॉर्डात, एसटी स्टँडवर, रेल्वेच्या डब्यात माणसं काय काय बोलतात! आपलं दुःख थोडं बाजूला सरकतं, कारण जागा दुसऱ्यांच्या बोलण्यानं भरते.

आणि वही दाखवण्यासाठी ठेवू नका. टाकायची असेल तर एखादं चित्र टाका इन्स्टावर, त्यात वाईट काही नाही. पण प्रत्येक पान टाकायचं ठरवलं की बसण्याआधीच लाइक मोजले जातात. तसं झालं तर ती एलिमेंटरीची परीक्षाच पुन्हा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. वही औषध नाही. माझी झोप दोन महिने नीट लागत नव्हती, तेव्हा मी १४४१६ या नंबरवर फोन केला होता. टेलिमानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलता येतं. तिथं बोलून पुढं डॉक्टरांना भेटले. वही त्याच्या जोडीला होती, त्याच्या जागी नव्हती. जगणं नको वाटण्यापर्यंत कुणाची वेळ आली असेल तर त्यानं चित्र काढत बसू नये, आधी माणसाशी बोलावं.

अण्णांचं डायलिसिस चालूच आहे. आईची किडनी जुळते का, त्याच्या तपासण्या सुरू आहेत. काय होईल ते मला माहीत नाही, आणि आता मी ते रात्री दोन वाजता फोनवर शोधत नाही. शिकवणीत मी एक नवीन पद्धत पाडली आहे. दहावीची मुलं आली की पहिली दहा मिनिटं पुस्तक उघडायचं नाही, समोर असेल ते काढायचं. एकमेकांच्या सायकली, दप्तर, खिडकीवरची घोरपड आली होती ती. पहिल्या आठवड्यात सगळे हसत होते. आता एक मुलगी लवकर येऊन बसते. तिच्या घरी काय चाललंय ते मला थोडं माहीत आहे. मी विचारत नाही. ती काढते, तारीख टाकते, वही मिटते आणि मग गणिताचं पुस्तक काढते.

ती तारीख महत्त्वाची. वाईट दिवस चालू असताना तो संपणार आहे हे पटत नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. पण जुनी वही उघडली की दिसतं: अमुक तारखेला बीपी इतकं खाली गेलं होतं की मला पेन धरता आलं नव्हतं, पानावर एकच वाकडी रेघ आहे. आणि पुढच्याच पानावर, दोन दिवसांनंतरच्या तारखेला, चहाचा कप आहे.

आज झोपण्याआधी हातभर अंतरावर जे काही असेल ते काढा. चार्जर, चष्मा, औषधाची पट्टी. वाईट आलं तरी चालेल. तारीख मात्र टाका.